परदेशातल्या शाळेत आंतरवासिता करायची आहे? बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी कागदपत्रं या क्रमाने करावीत

परदेशातल्या शाळेने 'या' म्हटलं, तरी तिकिटाचं बघण्याआधी प्राचार्यांना भेटा. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतली आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, २० आठवड्यांची असते आणि त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. परदेशात घालवलेले आठवडे यात धरायचे की नाही, हे तुमचं विद्यापीठ ठरवणार, मग ते छत्रपती संभाजीनगरचं असो की नांदेडचं. तोंडी होकारावर जाऊ नका. तारखा, विषय आणि तिथल्या मार्गदर्शक शिक्षकाने केलेलं मूल्यमापन चालेल, असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या. ते नसेल तर परत आल्यावर तेच आठवडे इथल्या शाळेत पुन्हा भरावे लागू शकतात.

तिकडच्या शाळेकडूनही पत्र मागा. कोणती इयत्ता, किती आठवडे, मानधन आहे की नाही, हे त्यात हवं. मानधनाचा मुद्दा किरकोळ समजू नका, कारण त्यावर व्हिसाचा प्रकार बदलू शकतो. पर्यटक व्हिसावर मात्र शिकवायला जाऊ नका, कोणी 'चालतं' म्हणालं तरीही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावात होतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. टीसीवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, पदवीवर दुसऱ्या. लग्न झालेल्या मुलींचं तर दोन आडनावांत अडकतं. पासपोर्टच्या अर्जात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव वेगळ्या रकान्यात भरायचं असतं. म्हणून आधी दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती बोर्डाची असेल, तर बीड, जालना, परभणी, हिंगोलीवाल्यांचं विभागीय मंडळ संभाजीनगरला आहे. नांदेड आणि धाराशिवकरांनी लातूर गाठायचं. ही दुरुस्ती पासपोर्टच्या आधी उरका.

पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. खेड्यात ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, त्यांना याचा मोठा आधार आहे.

पदवी आणि गुणपत्रिकांची आधी राज्य शासनाकडून पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची करारातल्या देशांत चालणारी खूण, बसतो. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे. सौदी आणि ओमानमध्ये हा शिक्का चालतो. दुबई ज्या देशात येते तो संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांना त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकनही लागतं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

शाळेत लहान मुलं असतात, तेव्हा पोलीस पडताळणीचा दाखला बहुतेक शाळा मागणारच, आणि ते रास्तच आहे. अर्ज पासपोर्टच्याच संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. गाव गेवराईकडचं आणि राहणं संभाजीनगरच्या होस्टेलवर असेल, तर सध्याचा पत्ता खराच लिहा. चौकशीला पोलीस गावच्या घरी गेले आणि तुम्ही तिथे नसलात, तर दाखला अडकतो. हा दाखला सगळ्यात शेवटी काढा. जुना झाला की शाळा नवा मागते.