व्हिएन्नातल्या गाई आणि क्लार्क घराण्याची कागदपत्रे

ब्रिटिश डॉक्टर हिल्डा क्लार्क मदतकार्यासाठी जुलै १९१९ मध्ये व्हिएन्नात पोचल्या, तेव्हा पहिले महायुद्ध थांबले होते, पण ऑस्ट्रियाशी तह व्हायचा होता. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य फुटल्यामुळे शहराला धान्य, कोळसा आणि दूध पुरवणारा मुलूख परक्या देशांत गेला होता. मुलांमध्ये मुडदूस आणि क्षय पसरले होते. शाळकरी मुलांना अमेरिकी मदतीतून जेवण मिळू लागले. त्याहून लहान मुलांचा भार ब्रिटिश क्वेकरांनी, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, उचलला आणि बालकल्याण केंद्रांमार्फत शिधा वाटला.

डबाबंद दूध बाहेरून आणणे हा तात्पुरता उपाय होता. मदत आटली की मुले पुन्हा उपाशी. म्हणून क्वेकरांनी हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधून दुभत्या गाई विकत घेऊन त्या शहराजवळच्या शेतकऱ्यांना उधारीवर दिल्या. फेड पैशात नव्हे, दुधात करायची आणि ते दूध बालकांच्या केंद्रांना जायचे. यामागचा हिशेब अचूक होता. क्रोन या चलनाची किंमत सतत घसरत होती. रोखीने वसुली केली असती तर हातात कागद उरला असता. पण चाऱ्याशिवाय गाय आटते, त्यामुळे चाराही आणावा लागला. नुसत्या दुधाने मुडदूस बरा होत नाही, हेही तेव्हाच उलगडत होते: ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरातल्या बालरुग्णालयात कॉडलिव्हर तेल आणि सूर्यप्रकाश यांचा गुण सिद्ध केला.

ही दृष्टी कुठून आली, हे घरच्या कागदांत दिसते. हिल्डांचा जन्म १८८१ मध्ये सॉमरसेटमधल्या स्ट्रीट गावी, बूट बनवणाऱ्या क्लार्क घराण्यात झाला. आई हेलन ही खासदार जॉन ब्राइट यांची मुलगी. (मुंबई इलाख्याच्या कापसाचा इतिहास वाचणाऱ्यांना ब्राइट परिचित असतील, भारतातल्या कापूस लागवडीवरच्या १८४८ च्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते.) हेलन तान्ही असतानाच, १८४१ मध्ये, तिची आई क्षयाने गेली. हिल्डांची बहीण ॲलिस हिलाही क्षयाने गाठले. हिल्डा क्षयरोगाच्या डॉक्टर झाल्या, त्यामागे हे घर होते असे मला ठामपणे वाटते. दुसरी बहीण मार्गारेट १९०५ मध्ये ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली आणि ब्रिटिशांशी झालेल्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या बोअर (डच वंशाच्या शेतकरी) कुटुंबांतल्या मुलींना सूतकताई आणि विणकाम शिकवणाऱ्या शाळेत राबली. आधी चरखा, मग गाय: दोन्हीकडे उत्पन्नाचे साधनच हाती दिले.

घराण्याची पत्रे मुख्यतः बायकांनी जपली. आजी, आत्या, मावश्या यांची पत्रे हेलनने सांभाळली, म्हणून ती आज स्ट्रीटच्या संग्रहात आहेत. हिल्डांचे मदतकार्याचे कागद मात्र लंडनच्या क्वेकर ग्रंथालयात पाहावे लागतात. १९५५ मध्ये त्या वारल्यावर एडिथ पाय यांनी त्यांची युद्धकाळातली पत्रे छापली. पाय या सुईण. फ्रान्समधल्या शालाँ-सूर-मार्न इथले १९१४ पासूनचे क्वेकर प्रसूतिगृह त्यांनी चालवले होते. पण छापलेली पत्रे ही निवड आहे, आणि जिवलग मैत्रिणीने केलेली. वाक्य उद्धृत करण्यापूर्वी मूळ पत्र पाहावे. नावांतही फसगत होते. हिल्डांच्या थोरल्या भावाचे नाव आजोबांवरूनच जॉन ब्राइट क्लार्क, शिवाय मार्गारेट नावाच्या नातलग अनेक. जुन्या क्वेकर पत्रांत महिन्याचे नाव नसते, आकडा असतो: १७५२ नंतर पहिला महिना जानेवारी, त्याआधी मार्च.