पुढचे टायर मागे, पण कोणते सरळ आणि कोणते तिरके?

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘टायर रोटेशन’, म्हणजे टायर सारखे झिजावेत म्हणून चाकांच्या जागा बदलणं, अशी एक ओळ असते. आपण पैसे भरतो आणि निघतो. कुठलं चाक कुठे गेलं हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण चाकं कशीही अदलाबदल करून चालत नाहीत.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या, उदाहरणार्थ स्विफ्ट, पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे गाडीचं जवळपास 60 टक्के वजन पुढेच. गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचंही त्यांचंच. ब्रेक दाबल्यावर तर भार आणखी पुढे सरकतो. 1,000 किलोची गाडी धरा. उभी असताना पुढे 600 आणि मागे 400 किलो. जोराचा ब्रेक मारला की साधारण 150 किलो भार मागून पुढे जातो, म्हणजे पुढे 750 आणि मागे उरले फक्त 250. थांबवण्याचं बहुतेक कामही पुढच्याच टायरांच्या माथी.

रबर झिजतं ते रस्त्यावर किंचित घसरल्यामुळे. टायर नुसता गोल फिरत राहिला तर झीज अगदी कमी होते. पण जोर लावताना, वळताना आणि थांबताना टायरचा रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा भाग थोडा ताणला जातो आणि सुटताना घासतो. ज्या टायरावर ही कामं जास्त, तो आधी गोटा होतो.

मागचे टायर कमी झिजतात खरे, पण त्यांची झीज वाकडी असते. इंजिनाचा जोर त्यांच्यावर नसतो. उलट दिशेचा ब्रेकचा ओढा मात्र असतो. तोच ओढा सतत बसल्यानं नक्षीच्या ठोकळ्यांची एकच कड जास्त खाल्ली जाते आणि करवतीच्या दातांसारखा आकार येतो. टायरवरून हात आधी एका दिशेनं, मग उलट फिरवून पाहा. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे खरखरीत लागलं, तर हीच झीज आहे. गाडीतून येणारा ‘घूं घूं’ आवाज पुष्कळदा बेअरिंगचा नसतो, याचाच असतो.

आता अदलाबदलीचा नियम पाठ करायची गरज उरत नाही. पुढची चाकं ओढत असतील तर ती आपापल्या बाजूनं सरळ मागे जातात. मागची चाकं तिरकी पुढे येतात, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. बाजू बदलली की टायर उलटा फिरू लागतो आणि करवतीचे दात दुसऱ्या बाजूनं घासून सपाट होतात. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालतात, तिथे हेच उलट: मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. (नाव इनोव्हाच, पण हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा नावावर जाऊ नका.) चारही चाकांवर जोर असेल तर सगळी तिरकी बदलली तरी चालतं.

टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र तिरकं करायचं नाही. अशा टायरची नक्षी एका ठरावीक दिशेनंच पाणी बाहेर फेकते, म्हणून फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. स्टेपनी इतर चार चाकांच्याच मापाची असेल तर तिलाही फेरीत घ्या. छोटी, तात्पुरती स्टेपनी कधीच नाही.

साधारण 8,000 ते 10,000 किलोमीटरला एकदा हे पुरतं, पण गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. चाकं काढण्याआधी टायर वाचून घ्यावेत. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं बसवलेला कोन, बिघडलेली आहे. ती तशीच ठेवून चाकं फिरवली, तर चांगले टायरही रांगेनं खराब होतील. जागा बदलल्यावर पुढची-मागची हवा पुन्हा पुस्तिकेप्रमाणे भरायची, नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

एक जागा मात्र फसवी आहे. वर्षानुवर्षं रोटेशन केलंच नाही आणि पुढच्या टायरांच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ आली, तर आता ते टायर मागे टाकू नका. ओल्या रस्त्यावर मागचे टायर पाण्यावर तरंगले की गाडीची शेपटी फिरते. पावसाळ्यातल्या घाटात ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पुढचे घसरले तर निदान वेग कमी करून गाडी ताब्यात येऊ शकते. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर दुकानदार काहीही म्हणो, ते मागे बसवायचे आणि कमी झिजलेली जुनी जोडी पुढे आणायची.