राजौरीचा रस्ता: सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आणि एप्रिल १९४८

भारतीय सैन्यातले परमवीरचक्राचे मानकरी राम राघोबा राणे यांचे नाव निघाले की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. रणगाड्याखाली सरपटत जाऊन, दोन दोरांनी चालकाला डावी-उजवीची खूण करत त्यांनी सुरुंगांमधून रणगाडा पार नेला, असा तो प्रसंग. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात मात्र हे दोर नाहीत. तिथे तारखा आहेत, घड्याळातल्या वेळा आहेत आणि एकामागून एक आलेले अडथळे आहेत. राणे यांचे मोठेपण या रुक्ष वाटणाऱ्या वेळापत्रकातच जास्त स्पष्ट दिसते. फक्त ते वाचताना त्या रस्त्यावर नेमके काय काम चालले होते हे ठाऊक हवे.

१९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत, २४ डिसेंबर १९४७ रोजी, नौशेऱ्याजवळचे झांगड आपल्या हातून गेले. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला गेला आणि १८ मार्चला झांगड परत घेतले गेले. पुढचे लक्ष्य होते उत्तरेला असलेले राजौरी. ते नोव्हेंबरपासून पाकिस्तानच्या पाठिंब्याने लढणाऱ्या हल्लेखोरांच्या ताब्यात होते आणि तिथे मोठे हत्याकांड झाले होते. त्यामुळे लवकर पोहोचण्याची निकड केवळ लष्करी नव्हती. नौशेऱ्याहून निघणारा रस्ता चिंगसवरून राजौरीला जातो. मुघल बादशहा काश्मीरला जात ती ही वाट, चिंगसची सराई त्याच काळातली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला तवी नदीचे पात्र. अशा ठिकाणी रस्ता अडला की रणगाड्याला बगल देऊन पुढे जायला जागा क्वचितच सापडते.

हल्लेखोरांनी रस्ता तीन प्रकारे अडवला होता: चिडाची मोठी झाडे आडवी पाडून, रस्त्याखालच्या मोऱ्या उडवून आणि सुरुंग पेरून. यातला एकेक अडथळा सुटा असता, तर सॅपरना, म्हणजे रस्ता मोकळा करणाऱ्या लष्करी अभियंत्यांना, तो फार वेळ अडवू शकला नसता. पण जाणकार शत्रू अडथळा कधीच सुटा ठेवत नाही. झाडांभोवती सुरुंग पेरतो आणि समोरच्या उतारावरून त्या जागेवर मशीनगन रोखून बसतो. मग कामाचा क्रम ठरून जातो. आधी सुरुंग, मग झाड. घाईघाईत खोडाला हात घातला तर पायाखालीच स्फोट होतो.

सुरुंग शोधताना संगीन किंवा सळई जमिनीत तिरकी खुपसतात, साधारण ३० अंशांत. रणगाडाविरोधी सुरुंग वरून दाब पडला की फुटतो. सरळ खाली टोचले तर टोक नेमके दाबाच्या तबकडीवर येते, तिरके गेले तर कडेला लागते. लागल्यावर माती हाताने बाजूला करायची, खाली किंवा बाजूला दुसरा सापळा जोडलेला नाही ना हे चाचपायचे, आणि मगच तो दुरून दोराने ओढायचा किंवा जागेवरच उडवायचा. हे सारे पोटावर पडून करायचे. त्यात वेग वाढवण्याची सोय नसते, आणि मशीनगनला नेमका तोच वेळ हवा असतो.

मोरी उडालेली असेल तर बगलरस्ता काढावा लागतो. नाल्याचे दोन्ही काठ तासून उतार करायचा, तळाशी दगड भरायचे, आणि बगलेची जागाही सुरुंगांसाठी तपासायची, कारण गाड्या तिथूनच वळणार हे शत्रूलाही कळते. उतार आडवा कलला तर रणगाड्याचा पट्टा निसटू शकतो. मालमोटारींना तर उतार आणखी सौम्य हवा आणि जमीनही घट्ट हवी.

८ एप्रिलला ११ वाजता राणे यांची तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू करण्याच्या तयारीत असतानाच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार झाले, राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. त्यांनी तुकडी लगेच नव्याने उभी केली. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली डोंगर हाती आला. परिसरात शत्रू अजून शिल्लक होता, तरी त्यांनी रात्री १० पर्यंत बगलरस्त्याचे काम रेटले.

९ तारखेला पहाटे ६ ला पुन्हा सुरुवात झाली आणि दुपारी ३ ला बगलरस्ता तयार झाला. मग राणे स्वतः सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चिलखती गाडीत, बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडे होती, ती उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उडवलेली मोरी लागली, आणि हात घालण्याआधीच मशीनगन सुरू झाली. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठी झाडे आडवी आली, त्यांच्याभोवती सुरुंग होते आणि वर मशीनगन. राणे सुरुंग काढायला लागलेही होते, पण रणगाड्यांच्या कमांडरने ताफा रात्रीपुरता मागे घेतला. तो निर्णय योग्यच होता. अंधारात सुरुंग चाचपणे म्हणजे माणसे गमावणे.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते त्याच झाडांपाशी परत आले आणि साडेसहापर्यंत वाट मोकळी केली. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची आणि उडवलेल्या बांधांची रांगच होती. ती साडेदहाला संपली. तिथून रणगाडे तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोहोचले.

रणगाडे पुढे गेल्यावरही राणे रस्त्यावरच काम करत राहिले. मानपत्रातली ही नोंद वाचताना सहज नजरेतून सुटते, पण सॅपरच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची तीच आहे. नदीपात्रातले गोटे पट्ट्यांवर चालणारा रणगाडा पार करतो, मालमोटार करू शकत नाही. पेट्रोल, दारूगोळा, शिधा आणि जखमींना मागे आणण्याची सोय, हे सगळे चाकांवर चालते. रस्ता बंद राहिला असता तर चिंगसचे रणगाडे तिथेच खोळंबले असते. म्हणून त्या दिवशी अन्न आणि विश्रांतीशिवाय रात्री ९ पर्यंत काम चालले, म्हणजे सलग सोळा तासांहून जास्त. ११ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात, ११ वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला, आणि पुढच्या टप्प्याचे काम रात्री १० पर्यंत. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत होते.

राणे तेव्हा २९ वर्षांचे होते. अधिकारपद १५ डिसेंबर १९४७ ला मिळालेले, म्हणजे चार महिनेही झाले नव्हते. हात मात्र मुरलेला होता. २६ जून १९१८ ला हावेरीत जन्म, घराणे कारवारजवळच्या चेंडियाचे. जुलै १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. खालच्या हुद्द्यांवरून वर आल्याने कोणते काम किती वेळ खाते याचा अंदाज त्यांना नक्की होता. अशा चार दिवसांत धाडसाइतकाच हा अंदाजही कामी येतो.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले. त्यामुळे राणे यांचे नाव दोन वर्षांनंतर, २१ जून १९५० च्या राजपत्रात आले. १९४७-४८ च्या लढाईतल्या पाच मानकऱ्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर मिळाले. हयात होते ते राणे आणि करम सिंग. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर, आयएनएस चपल संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांची नावे दिली गेली, त्यातले एक त्यांचे आहे. जयंतीला हार घालणे होतेच. पण शाळा-महाविद्यालयांत त्यांच्यावर कार्यक्रम करायचा असेल, तर तो ८ ते ११ एप्रिलच्या दरम्यान ठेवावा, नौशेरा ते चिंगसचा नकाशा भिंतीवर लावावा आणि मानपत्र वेळांसकट मोठ्याने वाचावे.