डिस्क गोल्फ : मुंबईचा हिवाळी मोसम

डिस्क गोल्फ : प्लास्टिकची डिस्क कमीत कमी फेकींत ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचवण्याचा मैदानी खेळ. सांगाडा गोल्फचाच, पण काठी आणि चेंडूऐवजी हात आणि डिस्क. खळग्याऐवजी लोखंडी खांबावर टांगलेल्या साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली असते. साखळ्यांवर आदळून डिस्क खणखणत टोपलीत पडली की एक होल संपला. पहिली फेक टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, आणि पुढची प्रत्येक फेक डिस्क जिथे थांबली तिथून. डाव सहसा १८ होलांचा असतो आणि ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकतो. डिस्क फ्रिसबीपेक्षा लहान, जड आणि काठाला धारदार असते. व्यास साधारण २१ सेंमी, वजन बहुधा १५० ते १८० ग्रॅम. लांब पल्ल्यासाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि टोपलीजवळ पटर असे तिचे तीन ढोबळ प्रकार आहेत.

खेळ अमेरिकन आहे. फ्रेड मॉरिसनच्या उडत्या तबकडीचे हक्क व्हॅम-ओ कंपनीने १९५७ मध्ये घेतले आणि तिला फ्रिसबी हे नाव दिले. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकने तबकडीची घडण सुधारून तिचे उडणे स्थिर केले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखले गेले ते त्याच्याच पुढाकाराने, आणि साखळ्यांची टोपलीही त्याचीच कल्पना. १९७६ मध्ये त्याने खेळाडूंची व्यावसायिक संघटना स्थापन केली. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. टोपली येण्यापूर्वी लोक झाडाचा बुंधा, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा यांनाच लक्ष्य मानत. ज्या गावात टोपली नाही, तिथे खेळ आजही असाच सुरू करता येतो. मुंबईत हा खेळ हौसेने खेळणाऱ्यालाही तीच वाट सोयीची. साखळी नसली तर ‘बुंध्याला लागली की होल’ एवढा ठराव पुरतो. विटी-दांडूचे नियम गल्लीगणिक बदलत आलेल्या समाजाला यात नवे काही वाटू नये.

फिनलंड, कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत हिवाळा हा या खेळाचा अडचणीचा काळ. थंडीने प्लास्टिक ताठरते, पकड सुटते, बोटे बधिर होतात. ताज्या बर्फात घुसलेली डिस्क सापडत नाही म्हणून तिच्या पोटाला लांब फीत चिकटवतात. बर्फावर राहिलेले फितीचे टोक धरून डिस्क ओढून काढायची. हेलसिंकीत डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांचाही नसतो, तेव्हा डिस्कला छोटा दिवा लावून खेळतात. थंड हवा दाटही असते. ० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट, त्यामुळे तीच फेक थंडीत लवकर मंदावते. तरीही खेळ थांबत नाही. अमेरिकेत १९८७ पासून ऐन थंडीत ‘आइस बोल’ नावाच्या स्पर्धा होतात आणि त्यांतून भुकेलेल्यांसाठी मदतनिधी गोळा केला जातो.

मुंबईत हे सगळे उलटे होते. जून ते सप्टेंबर मैदानांत तळी साचतात. ऑक्टोबरात उकाडा आणि एप्रिल-मे महिन्यांत घामाने डिस्क हातातून निसटते. अंगाला सोसेल असा मोसम नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. सांताक्रूझला जानेवारीतले सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते. तिथला नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. त्याच्या आठवणी निघाल्या की मुंबईकर अजूनही स्वेटरची बटणे लावतो. कानटोपी घालून फेरफटका मारणाऱ्या आजोबांना ही थंडी वाटते आणि डिस्क फेकणाऱ्याला दहाव्या फेकीनंतर वाटेनाशी होते. प्लास्टिक कडक होऊन तडकेल, एवढी थंडी इथे पडत नाही.

इथली हिवाळी अडचण म्हणजे दव आणि धूळ. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तोपर्यंत शिवाजी पार्कसारख्या मैदानात तुरळक गवतावर दव असते आणि गवत नसलेल्या जागी लाल माती. डिस्क दोन हात घसरत जाऊन थांबते. उचलावी तर काठाच्या आतल्या खोबणीत दवाने भिजलेल्या मातीचा बारीक लगदा भरलेला, आणि बोटे नेमकी तिथेच टेकायची असतात. सवयीचा खेळाडू खांद्यावर पंचा ठेवतो. नवखा चड्डीला पुसतो आणि नऊ वाजता लालेलाल होऊन घरी जातो. वर धुरके. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, धूळ-धूर तिच्यातच कोंडून राहतात. दम्याच्या माणसाने अशा सकाळी मैदानात उतरूच नये.

वाऱ्याचे गणित शाळेच्या भूगोलात शिकलेले आहे : सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. उजव्या हाताने, हात छातीसमोरून मागे नेऊन फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरताना डावीकडे कलते. समोरून वारा आला की हा स्वभाव बिघडतो. डिस्क वेगात असतानाच उजवीकडे उलटू लागते. पाठीवर वारा असेल तर ती लवकर खाली येते आणि डावीकडे अधिक ओढली जाते. शिवाजी पार्क समुद्राच्या पूर्वेला. म्हणून सकाळी पश्चिमेकडे तोंड करून फेकताना वारा पाठीशी असतो आणि तीच फेक दुपारी समोरच्या वाऱ्यात शिरते. सकाळी पाठ झालेला होल संध्याकाळी अनोळखी होतो.

खरी टंचाई जागेची. कांगा लीगसारखे पावसाळी क्रिकेट सोडले तर मुंबईचा क्रिकेट मोसमही हिवाळाच. हॅरिस आणि गाइल्स शील्डचे शालेय सामने, क्लबांचे सराव, रविवारचे टेनिस बॉलवाले; आझाद मैदानावर एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या लाँगऑनशेजारी उभा असतो. अशा ठिकाणी ड्रायव्हर फेकणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. पावणेदोनशे ग्रॅमची धारदार डिस्क चेंडूइतकीच जोरात लागते आणि चेंडूसारखी ‘कॅच’ अशी हाक ऐकू येण्याआधी वळलेली असते. मैदानात खेळायचेच तर सूर्योदयाच्या सुमारास, फक्त पटरने, ३०-४० मीटरांचे आखूड होल आखून, आणि पिचवर पाऊल न ठेवता. संक्रांतीच्या आठवड्यात पतंगांचा मांजा आडवा येतो, तेवढे दिवस सोडलेले बरे. झाडाला लक्ष्य करताना जून, जाड बुंधाच निवडावा. कोवळ्या सालीवर धारदार काठाचे वळ उठतात. परदेशी मैदानांवर टोपलीच्या वाटेतल्या झाडांची साल अशीच सोललेली दिसते.

त्यापेक्षा किनारा बरा. जुहूला ओहोटीत उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू रुंद असते आणि तिच्यावर धूळ नसते. वेळ मात्र साधावी लागते. कोळ्यांचा हिशेब सोपा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी साधारण साडेसात-पावणेआठला, सूर्योदयानंतर थोड्याच वेळात. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत गेलेले. अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी चढलेले असते आणि उतार कमी पडतो, तेव्हा खेळ हरवलेल्या डिस्कच्या शोधात संपण्याची शक्यता जास्त. लक्ष्य म्हणून वाळूत रोवलेली काठी पुरते. डिस्क मात्र तरंगणाऱ्या प्लास्टिकची निवडावी, कारण बऱ्याच डिस्क पाण्यात बुडतात.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकतो आणि दव पडेनासे होते. उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली विसरलेली डिस्क याच दिवसांपासून वाकडी होऊ लागते.