मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

मोबाइल चार्ज झाला की चार्जर प्लगमधून काढून ठेवायचा, हा नियम आता लहान मुलांनाही पाठ असतो. सवय चांगली आहे. पण तिने वीज किती वाचते, हे एकदा मोजून पाहायला हवे. फोन न जोडता नुसता प्लगला लावून ठेवलेला आजचा चांगला चार्जर साधारण 0.1 वॉट वीज घेतो. वर्षाचे तास 8760. म्हणजे बारा महिने चोवीस तास तो तसाच राहिला, तरी खर्च 876 वॉट-तास होतो. एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास, तेवढेही पुरते भरत नाही. आता 20 लिटर पाण्याची एक बादली घेऊ. ते पाणी 20 अंश सेल्सिअसवरून 45 अंशांपर्यंत तापवायला 0.58 युनिट लागते, तेही उष्णता जराही वाया जात नाही असे धरून. चार्जरचा वर्षभराचा खर्च म्हणजे दीड बादली गरम पाणी.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की आंघोळीची ती बादली रोज दोन अंश कमी तापवली, तर वर्षाला 17 युनिट वाचतात. चार्जर काढून ठेवण्याच्या जवळजवळ वीसपट. दोन अंशांचा फरक अंगाला जेमतेम जाणवतो. पण घरात कोणी कोणाला ‘पाणी दोन अंश कमी तापव’ असे सांगत नाही. ‘दिवा बंद कर’ असे मात्र दिवसातून अनेकदा सांगितले जाते.

काटकसर हा चांगला गुण आहे आणि तो टिकला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच तो चुकीच्या जागी खर्ची पडताना पाहून वाईट वाटते. आपली काटकसर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे धावते. दिवा दिसतो, चार्जरवरचा लाल ठिपका दिसतो. उष्णता दिसत नाही, आणि घरातली ऊर्जा मुख्यतः तिथेच जाते. कारण साधे आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.19 किलोज्यूल ऊर्जा लागते. रोजच्या वापरातल्या पदार्थांमध्ये उष्णतेची एवढी भूक असलेले दुसरे काही सहसा सापडत नाही. उलट प्रकाश निर्माण करणे आता फार स्वस्त झाले आहे. जुना 60 वॉटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा एलईडी आठ-नऊ वॉटमध्ये देतो. 0.58 युनिटमध्ये, म्हणजे त्या एका बादलीच्या विजेत, नऊ वॉटचा दिवा 64 तास जळतो.

ही चूक एखाद्या घरापुरती नाही. 2010 साली शाझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 505 लोकांना निरनिराळ्या घरगुती उपकरणांना आणि कामांना किती ऊर्जा लागते, कशाने किती वाचते, याचे अंदाज विचारले. सरासरीने प्रत्यक्ष आकडे लोकांच्या अंदाजांच्या 2.8 पट निघाले. त्यातही गंमत अशी, की कमी ऊर्जा खाणाऱ्या गोष्टींचा खर्च लोकांनी थोडा वाढवून सांगितला आणि जास्त खाणाऱ्यांचा खूपच कमी सांगितला. ऊर्जा वाचवायचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणता, या प्रश्नावर दिवे बंद करण्यासारखे, वापराला कात्री लावणारे उपाय अनेकांच्या तोंडी होते. कमी ऊर्जेत तेच काम करणारे उपकरण घेण्याचा विचार त्या मानाने थोड्यांनी केला.

स्वयंपाकघरात उष्णतेचा खेळ सगळ्यात जवळून दिसतो. पाण्याला उकळी फुटली, की गॅस कितीही मोठा ठेवा, उघड्या भांड्यातले पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही (समुद्रसपाटीला, उंचावर तर त्याहूनही कमी). पदार्थ शिजायचा वेग त्या तापमानावर ठरतो. मोठ्या आचेने वाढते ती फक्त वाफ. आणि वाफ फार महाग पडते. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत आणायला 314 किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण वाफ व्हायला आणखी 2257, म्हणजे सातपट. भांड्यावर झाकण ठेवणे आणि उकळी आल्यावर आच बारीक करणे, या दोन गोष्टींत जे वाचते, ते काडेपेटीच्या काड्या जपून वापरण्याने कधीच वाचणार नाही.

फ्रिजचेही असेच. ‘दार उघडून उभा राहू नकोस’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. दार उघडल्यावर आत शिरते ती हवा, आणि हवेला वजनच किती? फ्रिजमधली 200 लिटर थंड हवा पूर्ण निघून गेली आणि 30 अंशांची दमट हवा तिच्या जागी आली, तरी ती हवा गार करायला आणि तिच्यातला ओलावा काढायला मिळून ढोबळमानाने 13 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. त्याच फ्रिजमध्ये कोणी दोन लिटरचे 70 अंशांचे पातेले ठेवले, तर ते पाच अंशांवर आणायला सुमारे 545 किलोज्यूल काढावे लागतात. एक गरम पातेले म्हणजे चाळीसेक वेळा दार उघडणे. मात्र वीज वाचवायची म्हणून शिजवलेले अन्न तासन् तास ओट्यावर ठेवू नये. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आजारपणाच्या खर्चापुढे ती वीज काहीच नाही. अन्न पसरट भांड्यात काढावे, ते भांडे गार पाण्यात ठेवावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्यावे. उकाडा फार असेल तर तासाभरातच.

गीझर दिवसभर चालू ठेवलेला बरा, पुन्हा पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. गरम वस्तूतून उष्णता किती वेगाने निसटते, हे ती वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. टाकी जितका वेळ जास्त गरम राहील, तितकी गळती जास्त. बंद केलेली टाकी हळूहळू निवते आणि निवता निवता तिची गळतीही कमी होत जाते, त्यामुळे पुन्हा तापवायला लागणारी वीज नेहमीच कमी भरते. एसीच्या बाबतीतही असाच एक गैरसमज आहे. खोली लवकर गार व्हावी म्हणून आकडा 18 वर आणणे. साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीमध्ये खोली 24 वर यायला तेवढाच वेळ लागतो, आकडा 18 असो की 24. फरक एवढाच, की 18 वर ठेवलेला एसी तिथे थांबत नाही. विलेट केम्प्टन या अभ्यासकाने 1986 साली नेमका हाच घोटाळा, घर तापवण्याच्या यंत्रणेसंदर्भात, मांडला होता. अनेक लोक थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या कळीला, नळाची तोटी समजतात. जास्त फिरवली की जास्त जोर. प्रत्यक्षात तो कुठे थांबायचे एवढेच सांगतो.

पाण्याकडे वळू. टपटपणारा नळ घराचे लक्ष वेधून घेतो, कारण त्याचा आवाज येतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 4.3 लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून थोडे जास्त. वॉशर बदलायलाच हवा. पण खरा चोर बहुधा फ्लशच्या टाकीत असतो. आतली रबरी झडप झिजली, की पाणी भांड्याच्या कडेने आवाज न करता उतरत राहते आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकते. ओळखायची युक्ती सोपी आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि दहा-पंधरा मिनिटे फ्लश करायचे नाही. तेवढ्यात भांड्यातल्या पाण्याला रंग चढला, तर झडप गळते आहे.

इथवर प्रश्न न दिसण्याचा होता. काही बाबतींत आकडे समोर असूनही आपण फसतो. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात वजनांच्या प्रयोगांतून दाखवले, की आपल्याला फरक जाणवतो तो मूळ मापाच्या प्रमाणात. हलक्या वजनात थोडी भर पडली तरी कळते, जड वजनात तेवढीच भर कळत नाही. पैशांचेही तसेच होते. 1981 साली एमॉस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले, की वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात हीच वस्तू पाच डॉलरने स्वस्त मिळत असेल, तर जाल का? 15 डॉलरच्या कॅल्क्युलेटरसाठी 68 टक्के लोक जायला तयार होते. 125 डॉलरच्या जाकिटासाठी फक्त 29 टक्के. वाचणारे पाच डॉलर तेच, रस्ता तोच. किरकोळ खरेदीत घासाघीस करणारे आपण मोठ्या खरेदीत भलीमोठी रक्कम न बोलता सोडून देतो, त्याचे मूळ इथे आहे. माझे मत विचाराल तर घासाघीस करायचीच असेल, ती वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या खरेदीत करावी. विम्याचा हप्ता, कर्जाचा व्याजदर, घराची डागडुजी. तिथे तासभर दिला तर तो तास सत्कारणी लागतो.

गाडीच्या ॲव्हरेजचा हिशेब तर चांगल्या चांगल्यांना चकवतो. घरात दोन गाड्या आहेत. एक लिटरला 10 किलोमीटर जाते, दुसरी 20. दोन्ही वर्षाला दहा हजार किलोमीटर धावतात. पहिली बदलून लिटरला 12 देणारी घ्यावी, की दुसरी बदलून 30 देणारी? बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता दुसरी म्हणतील. आता लिटर मोजू. पहिलीला 1000 लिटर लागत होते, आता 833 लागतील. दुसरीला 500 लागत होते, आता 333. बचत दोन्हीकडे 167 लिटरच. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम मांडला आणि इंधनाचा आकडा उलटा, म्हणजे ठरावीक अंतराला किती इंधन, असा द्यावा असे सुचवले. युरोपात तो शंभर किलोमीटरला किती लिटर असाच दिला जातो. जुनी, कमी ॲव्हरेजची गाडी थोडी सुधारली, किंवा तिच्या चाकांत हवा योग्य दाबाची ठेवली, तरी पदरात पडणारे इंधन बरेच असते.

घाऊक खरेदीबद्दल थोडक्यात. मोठे पाकीट किलोमागे स्वस्त पडते, पण ते संपले तर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांमधून गेले. निम्मे फेकून दिलेले स्वस्त पाकीट दुप्पट महाग पडते.

बचतीने मनावर होणाऱ्या एका परिणामाचीही नोंद घ्यायला हवी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरेना टीफेनबेक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 154 सदनिकांपैकी काहींमध्ये पाणी वाचवण्याची मोहीम राबवली. ती यशस्वी झाली, पाण्याचा वापर सहा टक्क्यांनी उतरला. पण त्याच काळात, मोहीम न राबवलेल्या घरांच्या तुलनेत, त्यांचा विजेचा वापर 5.6 टक्क्यांनी चढला. एका ठिकाणी वाचवल्याचे समाधान दुसऱ्या ठिकाणी हात सैल सोडायला लावते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. चार्जर काढून ठेवण्यात तोटा असेल तर तो इथे आहे. त्या कृतीने कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते आणि गीझर चालूच राहतो.

राहता राहिला सर्वांत अवघड भाग. उपकरण घेताना आपण किंमत पाहतो, पुढची दहा वर्षे ते खाणार असलेली वीज पाहत नाही. जेरी हाउसमन या अर्थतज्ज्ञाने 1979 मध्ये एसी घेणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले, की पुढे होणाऱ्या बचतीला लोक फार कमी लेखतात. वर्षाला सुमारे 20 टक्के परतावा मिळाल्याखेरीज आज जास्त पैसे मोजायला ते तयार नव्हते, असे त्यांचे वागणे होते. उत्पन्न जितके कमी, तितका हा दर चढा. याला अविचार म्हणणे मला पटत नाही. हातात आज पैसेच नसतील, तर दहा वर्षांनी वाचणाऱ्या रकमेचे करायचे काय? येशिम ओरहुन आणि माइक पालाझोलो यांनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास केला, तेव्हा हेच पुढे आले. सवलत लागली की आधीच साठा करून ठेवणे किंवा मोठे पॅक घेणे गरीब कुटुंबांना जमत नव्हते, आणि त्यामुळे त्याच वस्तूला ती जास्त दर मोजत होती. महिन्याच्या सुरुवातीला, हातात पैसे असताना, हीच कुटुंबे बरीचशी श्रीमंत कुटुंबांसारखी खरेदी करत होती. बचत कशी करावी हे त्यांना कळत होते. त्यासाठी आधी लागणारी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. कमी वीज खाणारा फ्रिज बिनव्याजी हप्त्याने मिळणे, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मोठे पाकीट घेऊन वाटून घेणे, अशा सोयी अशा घरांना कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतील.