सुटलेला व्यायाम पुन्हा धरताना

अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर एक प्रचंड प्रयोग झाला. २०२१ साली तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांनी निरनिराळ्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना एकच प्रश्न दिला: लोकांनी जिममध्ये जास्त वेळा यावं म्हणून काय करता येईल? त्यातून चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम तयार झाले. त्यांपैकी ४५ टक्के कार्यक्रमांनी सभासदांच्या आठवड्याच्या खेपा ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. सगळ्यांत वर आलेला कार्यक्रम अगदी साधा होता. ठरलेला व्यायाम चुकवलात आणि त्यानंतर परत आलात, की थोडे जादा गुण मिळायचे. त्या गुणांची किंमत जेमतेम ९ सेंट.

एवढ्याशा पैशासाठी कुणी घाम गाळायला येत नाही. मला वाटतं, त्या गुणांमागचा निरोप कामाला आला. व्यायाम चुकणार हे त्या कार्यक्रमाने आधीच गृहीत धरलं होतं आणि परत येण्याला किंमत दिली होती. आपण स्वतःसाठी वेळापत्रक आखतो तेव्हा नेमकं हेच करत नाही. आठवड्यातून चार दिवस पळणं, दोन दिवस वजनं, असं सगळं ठरतं. पण मधे ताप आला, प्रवास निघाला, कामाचा डोंगर कोसळला तर काय, याची ओळ त्या कागदावर नसते. मग एक आठवडा सुटतो, ‘येत्या सोमवारपासून’ म्हणता म्हणता दोन महिने उलटतात आणि पहिले पाढे पंचावन्न. लोक व्यायामाला कंटाळून तो सोडतात असं म्हटलं जातं. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेकांचा व्यायाम एखाद्या खंडात हरवतो. आवड तशीच असते, पण परतीची वाट सापडत नाही.

त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चार आठवडे संपल्यावर परिणाम टिकलेला दिसला तो फक्त ८ टक्के कार्यक्रमांचा. बाहेरून मिळालेला धक्का बाहेरच राहतो, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

परतणं इतकं अवघड का जातं? एक कारण मनात आहे. जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्या लोकांमध्ये एक गोष्ट अनेकदा नोंदवली. पथ्य एकदा मोडलं, की माणूस ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून जास्तच खातो. चूक छोटी असते, पण तिच्यामुळे दिवसभराचा नियमच रद्द झाल्यासारखा वाटतो. व्यायामातही मन असंच वागतं. एक धाव चुकली याचा शरीराला पत्ताही लागत नाही. पण ‘मी नियमित पळणारा माणूस’ ही स्वतःची ओळख ढासळते, आणि ती ढासळलेली पाहायला नको म्हणून आपण बुटांकडे पाहणंच टाळतो.

इथे फिलिपा लॅली यांचं काम दिलासा देतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज करायची एखादी नवी गोष्ट निवडायला सांगितली आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी पाहिल्या. ती गोष्ट विचार न करता आपसूक होऊ लागायला किती दिवस लागतात, हे त्यांना मोजायचं होतं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेला अंदाज होते). एक ग्लास पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे सर्वत्र ऐकू येणारं वाक्य व्यायामाला तर मुळीच लागू पडत नाही. ते आलं एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. तिथून ते वाक्य फिरत फिरत कुठल्या कुठे पोहोचलं. लॅलींच्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वेगावर फारसा फरक पडला नाही.

म्हणूनच फोनवरच्या ॲपमधली ‘सलग इतके दिवस’ची साखळी मला धोक्याची वाटते. ती वाढत असताना हुरूप येतो हे खरं. पण एका तापाने ती शून्यावर येते, आणि तुमच्या स्नायूंत व हृदयात साठलेल्या महिन्यांच्या मेहनतीचा त्या शून्याशी काहीही संबंध नसतो.

आता खंडाच्या काळात शरीरात खरोखर काय होतं ते पाहू. यातली माहिती जितकी नेमकी, तितकी भीती कमी.

दमसासापासून सुरुवात करू. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या सहनशक्तीच्या खेळाडूंना ८४ दिवस सराव पूर्ण बंद करायला लावला. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याला धावपटू ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. ही क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांनी ही घट १६ टक्क्यांवर पोहोचली आणि तिथेच थांबली. सुरुवातीच्या या घसरणीचं मुख्य कारण स्नायूंत नव्हतंच, ते रक्तात होतं. नियमित पळणाऱ्याच्या शरीरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वाढलेला असतो. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू शकतं. पळणं थांबलं की शरीर हा जादाचा प्लाझ्मा पहिल्यांदा कमी करतं. कॉइल यांनी पुढच्या एका प्रयोगात काही आठवडे सराव थांबवलेल्यांचा प्लाझ्मा कृत्रिमरीत्या वाढवला, तेव्हा गेलेली क्षमता बरीचशी परत आली. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर प्लाझ्मा आपोआपही वाढतो, आणि त्याला महिने लागत नाहीत. काही दिवसांतच तो वाढू लागतो. स्नायूंत विणलं गेलेलं केशवाहिन्यांचं जाळं तर त्या खेळाडूंमध्ये ८४ दिवसांनंतरही जवळपास तसंच होतं. ही वर्षानुवर्षं पळलेली माणसं होती, हे लक्षात ठेवायला हवं. दोन-तीन महिन्यांपूर्वीच पळायला लागलेल्याची कमाई यापेक्षा लवकर ओसरते. पण पहिल्या दिवशी जी भयंकर धाप लागते, तिच्यावरून ‘सगळं वाया गेलं’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

ताकदीची गोष्ट आणखी आशादायक आहे. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाने २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने सलग २० आठवडे वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्याने १० आठवडे केला, १० आठवडे पूर्ण सुट्टी घेतली आणि मग पुन्हा १० आठवडे केला. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची वाढ जवळपास सारखीच भरली. सुट्टीत स्नायूंचा आकार थोडा कमी झाला होता, ताकद त्या मानाने चांगली टिकली होती. परतल्यावर सुमारे पाच आठवड्यांत ते सुट्टीआधीच्या पातळीवर पोहोचले.

ताकद आकारापेक्षा जास्त का टिकते? कारण ती फक्त स्नायूत नसते. मोरितानी आणि डीव्रीस यांनी १९७९ साली दाखवलं, की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू आणि मज्जारज्जू जास्त स्नायुतंतूंना एकदम कामाला लावायला शिकतात. स्नायूची जाडी त्यानंतर वाढते. नव्याने वजनं उचलणाऱ्यांनी हे जरूर माहीत करून घ्यावं. दीड महिना झाला तरी आरशात काहीच दिसत नाही म्हणून कितीतरी जण नाउमेद होतात, आणि त्याच वेळी त्यांच्या वहीतला स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांचा, आकडा मुकाट्याने वर चढलेला असतो. आरशापेक्षा वहीवर भरवसा ठेवावा. शिवाय सायकल शिकल्यावर ती विसरत नाही, तसं हे मज्जासंस्थेचं शिक्षणही सहज पुसलं जात नाही.

पण व्यायाम पूर्ण बंद करण्याची पाळीच बहुतेकदा येत नाही. हाताशी वेळ कमी असतो, शून्य नसतो, आणि इथे विज्ञानाने अतिशय उपयोगी उत्तर दिलं आहे. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी लोकांकडून आधी १६ आठवडे आठवड्यातून तीन दिवस पायांचा वजनांचा व्यायाम करवून घेतला, प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, म्हणजे न थांबता केलेल्या उचलींचे तीन फेरे. मग काहींचा व्यायाम थेट एक नवमांशावर आणला: आठवड्यातून एकच दिवस, प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. पुढचे ३२ आठवडे त्यांची ताकद टिकली, तरुणांची आणि साठीच्या पुढच्यांचीही. ज्येष्ठांच्या स्नायूंचा आकार राखायला मात्र एवढ्यावर भागलं नाही, त्यांना जास्त व्यायाम लागतो. पळण्या-सायकलिंगबाबत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असंच पाहिलं. आठवड्याच्या सहा दिवसांचे दोन केले तरी १५ आठवडे दमसास टिकला. व्यायामाची मिनिटं कमी केली तरी टिकला. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र घसरला. म्हणजे कामाच्या धबडग्यात आपण सहसा जे करतो, रोज थोडं थोडं रमतगमत, त्याच्या बरोबर उलटं करायला हवं. दिवस कमी करा, वेळ कमी करा. ज्या एक-दोन दिवशी कराल त्या दिवशी वजन नेहमीचंच उचला, वेग नेहमीचाच ठेवा. ही गोष्ट लोकांना माहीत असती तर कितीतरी दोन-दोन महिन्यांचे खंड पडलेच नसते, अशी माझी खात्री आहे.

खंड पडलाच, तर परतीचे पहिले दिवस मात्र सौम्यच हवेत, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं सर्वांत फसवी असतात. धावायला लागल्यावर ऑक्सिजनचा पुरवठा गरजेशी जुळायला दोन-तीन मिनिटं जातात, तोवर पाय जड वाटतात. घरी बसून ‘जावं की नको’ ठरवताना आपल्याला नेमकी हीच मिनिटं आठवतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे तपासलं. व्यायाम किती आवडेल याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षात वाटणाऱ्या आनंदापेक्षा कमी निघाला, कारण त्यांचं लक्ष सुरुवातीच्या त्रासावर अडकलेलं होतं. आवडता प्रकार आधी ठेवला की अंदाजही सुधारला. म्हणून परतीच्या आठवड्यात जे करायला बरं वाटतं तेच पहिलं घ्यावं. नावडते प्रकार पुढच्या महिन्यात सरळ रांगेत येतील.

वेगाचं मोजमाप सोपं आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. व्यायामाची तीव्रता आणि तो करताना कसं वाटतं यांचं नातं पँटेलिस एक्केकाकिस या संशोधकाने अनेक वर्षं अभ्यासलं. ज्या तीव्रतेपलीकडे श्वास बोलू देत नाही, तिथून पुढे जवळपास प्रत्येकाला व्यायाम नकोसा वाटू लागतो. त्या रेषेच्या अलीकडे माणसामाणसांत फरक असतो, पण अनेकांना तो सुखावतो. धावल्यानंतरच्या प्रसन्नतेमागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, असतं असं आपण ऐकत आलो. मात्र रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. २०२१ सालच्या एका जर्मन प्रयोगात ६३ धावकांमध्ये एंडॉर्फिनचे मार्ग औषधाने रोखूनही ती प्रसन्नता आलीच. आता संशोधकांचं लक्ष आनंदामाइडसारख्या द्रव्यांकडे आहे, जी शरीर स्वतः बनवतं आणि जी मेंदूत पोहोचतात. डेव्हिड रायक्लेन यांच्या मोजणीत त्यांचं प्रमाण मध्यम वेगाने धावल्यावर वाढलं. अगदी रेंगाळत चालल्यावर किंवा ऊर फुटेस्तोवर पळल्यावर तसं वाढलं नाही.

वजनांच्या परतीत धोका दुसरा. पहिल्याच दिवशी जुनं वजन उचललंत, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं आंबतं की जिना उतरणं मुश्कील होतं. याचं कारण लॅक्टिक ॲसिड नव्हे. ते तासाभरात निघून जातं. स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होतात, त्यांच्या दुरुस्तीतलं हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. एका हलक्या सत्रानेही स्नायू पुढच्या वेळेसाठी बरेच सावध होतात, म्हणून पहिलं सत्र निम्म्या वजनाचं आणि एकेका सेटचं पुरे. आजारपणामुळे खंड पडला असेल, छातीत दुखत असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

राहिला दिवस ठरवण्याचा भाग. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पॅस्कल शीरन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना व्यायामाचे फायदे पटवून दिले, तर काहींकडून त्यासोबत एक वाक्यही लिहून घेतलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. नुसते फायदे ऐकलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्के होतं. वाक्य लिहिणाऱ्यांत ते ९१ टक्के निघालं. फरक इतका मोठा आहे, की वाक्य न लिहिण्याला मला कारणच दिसत नाही.

मात्र वेळेचा हट्टही अंगाशी येतो. जॉन बेशियर्स, मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी गूगलच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांना जिममध्ये जाण्यासाठी पैसे दिले. काहींना स्वतः ठरवलेल्या वेळेतच गेल्यास पैसे होते, काहींना कधीही गेलं तरी. पैसे बंद झाल्यावर जास्त टिकले ते दुसऱ्या गटातले. ठरल्या वेळेला बांधलेल्यांची ती वेळ हुकली, की ते त्या दिवशी दुसऱ्या वेळी सहसा जात नसत. तेव्हा वाक्य लिहाल तेव्हा त्याखाली दुसरंही लिहा. सकाळी पळणं हुकलं तर संध्याकाळी वीस मिनिटं, आणि आठवडाच हुकला तर पुढच्या कोणत्या दिवशी, कुठे, किती हलक्या वजनाने सुरुवात, हे सगळं तब्येत ठणठणीत असतानाच कागदावर येऊ द्या.