झिंगून ले मान्स जिंकली? छे!

१९५३ साली टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या इंग्रज जोडीने फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची मोटारशर्यत म्हणे दारूच्या नशेत जिंकली! सरावात त्यांच्या १८ नंबरच्या, म्हणजे एकाच नंबरच्या, दोन जॅग्वार गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर दिसल्या म्हणून त्यांना बाद केलं, दोघे रात्रभर पीत बसले आणि सकाळी कळलं की शर्यतीत परत घेतलंय.

बाद होणं आणि परत घेणं खरं. बाकीचा मसाला हॅमिल्टनचा. त्यानेच आत्मचरित्रात तो रंगवून सांगितला. रोल्टने मात्र तो साफ नाकारला, आणि संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनीही.

शिवाय आकडे बघा. ३०४ फेऱ्या, ४,०८८ किलोमीटर, सरासरी ताशी सुमारे १७० किलोमीटर. ले मान्समध्ये ताशी १०० मैलांची सरासरी पहिल्यांदा ओलांडली ती याच गाडीने. श्रेय द्यायचंच तर या जॅग्वारच्या डिस्क ब्रेकना द्या: जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडायचे, हे टिकले.

वाईट याचं वाटतं की या एका किश्श्याखाली रोल्ट झाकला गेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅले इथे लढताना तो जर्मनांच्या हाती सापडला; त्या लढाईसाठी त्याला मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. पुढे जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यातल्या युद्धकैद्यांनी पळून जाण्यासाठी माळ्यावर लपून चक्क ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) बांधलं, त्या मंडळींत हाही होता. १९५० च्या पहिल्या फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद शर्यतीत तो धावला. नंतर फर्ग्युसन कंपनीच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या कामात गुंतला. १९६१ मध्ये त्याच गाडीत नामांकित रेसर स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमधल्या आउल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली.